वीस वर्षे दडून राहिलेली चूक आणि एक विनामूल्य ‘पॅच’ : जुने संगणकीय खेळ बंद का पडतात आणि त्यांना जगवते कोण?

नवी दिल्ली : मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ या कार्यप्रणालीची ‘२४एच२’ ही नवी आवृत्ती प्रसृत केली. तिच्यानंतर ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन आंद्रेआस’ या जगभर खेळल्या गेलेल्या संगणकीय खेळातून एक विमान नाहीसे झाले. पाण्यावर उतरणारे ‘स्किमर’ नावाचे हे छोटे विमान ज्या धक्क्यांवर उभे असायचे, तेथे ते दिसेना. बाह्य साधनाच्या मदतीने ते आणलेच, तर त्यात बसलेला खेळाडू क्षणार्धात आकाशात इतक्या उंचीवर फेकला जाई, की खाली परतण्याचा मार्गच उरत नसे. २००५ साली संगणकावर आलेल्या या खेळाच्या मूळ फायलींत कोणीही बदल केलेला नव्हता. बदलली होती ती केवळ कार्यप्रणाली.

या बिघाडाचे मूळ निर्मात्या कंपनीने शोधले नाही, मायक्रोसॉफ्टनेही नाही. ते शोधले पोलंडमधील एका प्रोग्रामरने, आपल्या फावल्या वेळात आणि कोणताही मोबदला न घेता. ‘सायलेंटपॅच’ या नावाने तो गेली दहाहून अधिक वर्षे या मालिकेतील जुन्या खेळांसाठी दुरुस्तीसंच तयार करून विनामूल्य उपलब्ध करून देत आहे. स्किमरच्या बिघाडाचा त्याने घेतलेला शोध एप्रिल २०२५ मध्ये तपशीलवार प्रसिद्ध झाला आणि सॉफ्टवेअर क्षेत्रात त्याची मोठी चर्चा झाली. वरकरणी हा एका खेळातील एका विमानाचा प्रश्न; पण जुने सॉफ्टवेअर का मोडते, ते मोडल्यावर जबाबदारी कोणाची, आणि विकत घेतलेली वस्तू चालू ठेवण्याचा ग्राहकाला कितपत अधिकार आहे, हे तिन्ही प्रश्न त्यात सामावलेले आहेत.

नेमके काय चुकले होते?

सॅन आंद्रेआसमधील सर्व वाहनांची माहिती एका साध्या मजकूर फायलीत ओळीओळीने लिहिलेली आहे. प्रत्येक ओळ म्हणजे एक वाहन : त्याचा क्रमांक, नाव, प्रकार, आणि शेवटी चाकांविषयीची चार मूल्ये. त्यांत पुढच्या व मागच्या चाकांचे माप येते. स्किमरच्या ओळीत मात्र ही शेवटची चार मूल्ये नाहीत. त्याचे कारण इतिहासात आहे. याआधीच्या ‘व्हाइस सिटी’ या खेळातही स्किमर होते. पण तेथे त्याची नोंद तांत्रिकदृष्ट्या ‘बोट’ या प्रकारात केलेली होती आणि बोटीला चाकांचे माप लागत नाही. पुढच्या खेळात त्याच वाहनाचा प्रकार बदलून ‘विमान’ करण्यात आला. विमानाच्या नोंदीला लागणारे जादा रकाने भरायचे मात्र राहून गेले.

पाण्यावर तरंगणाऱ्या विमानाला चाकांचे माप हवेच कशाला, असा प्रश्न पडू शकतो. परंतु या खेळाच्या गणितात विमाने ही मोटारींचाच एक उपप्रकार म्हणून हाताळली जातात. वाहन जमिनीपासून किती उंचीवर टेकलेले असावे, त्याला हादरे कसे बसावेत, याचा हिशोब चाकांच्या मापावरून होतो. माप चुकले की विमानाची जागाच चुकते.

मग हीच चूक जवळजवळ दोन दशके कोणाच्याही लक्षात कशी आली नाही? त्याचे उत्तर संगणकाच्या स्मृतीच्या, म्हणजे मेमरीच्या, वापरात आहे.

लिपिकाची न पुसलेली पाटी

एखाद्या कार्यालयातील लिपिकाची कल्पना करावी. त्याच्यासमोर अर्जांचा गठ्ठा आहे आणि हाताशी एक पाटी आहे. प्रत्येक अर्जातील आकडे तो पाटीवर उतरवतो, ते पाहून वहीत नोंद करतो आणि पुढचा अर्ज घेतो. मात्र दोन अर्जांच्या मध्ये तो पाटी पुसत नाही. नवे आकडे जुन्यांच्या जागी लिहिले जातात, त्यामुळे एरवी काही बिघडत नाही. एका अर्जात शेवटचे चार रकाने रिकामे असतील, तर मात्र पाटीवर आधीच्या अर्जदाराचेच आकडे राहतात आणि तेच नव्या अर्जदाराच्या नावे वहीत चढतात.

स्किमरच्या बाबतीत हेच घडत होते. फायलीत त्याच्या आधीची ओळ ‘टॉपफन’ नावाच्या व्हॅनची आहे. व्हॅनच्या चाकांची मापे मेमरीच्या ज्या तात्पुरत्या भागात लिहिली जात, तो भाग न पुसताच स्किमरची ओळ वाचली जाई आणि व्हॅनची चाके विमानाला लागत. ही मापे योगायोगाने चालण्याजोगी होती. त्यामुळे विमान नीट उडत असे आणि चूक चूक म्हणून दिसतच नसे. खेळ तयार करणाऱ्यांच्या संगणकांवरही हेच होत असल्याने चाचणीत ती सापडण्याची शक्यता नव्हती.

येथे आणखी एक बारकावा आहे. ओळीतून आकडे वेगळे काढण्यासाठी वापरलेली ‘सी’ भाषेतील आज्ञा, आपल्याला प्रत्यक्षात किती मूल्ये मिळाली, हे काम संपल्यावर सांगते. ही संख्या तपासली असती, तर चार मूल्ये कमी असल्याचे पहिल्याच दिवशी कळले असते. मूल्ये वाचण्यापूर्वी पाटीवर काही ठरावीक आकडे लिहून ठेवले असते, तरी निभावले असते. खेळाच्या आज्ञावलीत या दोहोंपैकी काहीही नव्हते.

२४एच२ मध्ये नवे काय घडले?

एक ओळ वाचून झाल्यावर पुढची ओळ आणण्यासाठी खेळ कार्यप्रणालीची मदत घेतो. फाइल वाचताना एकाच वेळी दोन कामे एकमेकांत गुंतू नयेत, म्हणून एक अंतर्गत कुलूप लावले जाते आणि वाचन होताच ते काढले जाते. हे कुलूप हाताळणाऱ्या विंडोजच्या आज्ञांनाही थोडी तात्पुरती मेमरी लागते, आणि ती त्याच सामायिक पाटीवरून घेतली जाते. संगणकाच्या भाषेत या पाटीला ‘स्टॅक’ म्हणतात.

लिपिकाच्या उदाहरणात सांगायचे, तर दोन अर्जांच्या मध्ये एक शिपाई येतो आणि पाटीच्या कोपऱ्यावर आपला छोटा हिशोब करून जातो. इतकी वर्षे त्याला लागणारा कोपरा लहान होता, त्यामुळे चाकांच्या मापांना धक्का लागत नसे. २४एच२ मध्ये मायक्रोसॉफ्टने कुलूप काढण्याच्या आज्ञेची अंतर्गत रचना बदलली आणि तिला लागणारी जागा वाढली. शिपायाचा हिशोब आता थेट व्हॅनच्या मापांवर लिहिला जाऊ लागला. चाकांच्या मापाच्या जागी भलतेच निरर्थक आकडे आले, त्यांतून विमानाची उंची काढली गेली आणि विमान खेळाच्या नकाशातूनच बाहेर गेले.

म्हणजे दोष विंडोजचा नव्हता. काम झाल्यावर सोडून दिलेल्या मेमरीत आधीचा मजकूर तसाच राहील, अशी हमी कोणतीही कार्यप्रणाली देत नाही. तशी हमी असल्यागत खेळ चालत होता, एवढेच. दुरुस्तीकर्त्याचा निष्कर्षही हाच आहे : चूक २००५ पासून खेळातच होती, नव्या विंडोजने फक्त तिच्यावरचे पांघरूण काढले.

उपायही तितकाच साधा निघाला. सायलेंटपॅचच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक वाहनाची ओळ वाचण्यापूर्वी त्या चार मूल्यांच्या जागी सुरक्षित पूर्वनिर्धारित आकडे भरले जातात. ज्यांना पॅच वापरायचा नाही, ते स्वतः त्या मजकूर फायलीतील स्किमरच्या ओळीत राहिलेली चार मूल्ये भरूनही काम भागवू शकतात.

पूर्वी ही जबाबदारी कोण घेत असे?

कार्यप्रणाली बदलल्याने जुना खेळ मोडण्याचा हा पहिला प्रसंग नाही. विंडोज ९५ च्या जडणघडणीतील ‘सिमसिटी’ची कथा सॉफ्टवेअर क्षेत्रात सुपरिचित आहे. शहर उभारण्याच्या या लोकप्रिय खेळात एक दोष होता : वापरून परत केलेली मेमरी तो पुन्हा वाचत असे. जुन्या डॉस प्रणालीत ती मेमरी लगेच दुसऱ्या कोणाच्या हाती जात नसल्याने खेळ चालून जाई. विंडोजमध्ये तो कोसळू लागला. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी विंडोज ९५ मध्येच खास तजवीज केली. सिमसिटी चालू आहे असे दिसले, की परत केलेली मेमरी काही काळ तशीच राखून ठेवली जाई. खेळाची चूक खेळाने नव्हे, तर कार्यप्रणालीने पोटात घेतली.

त्यामागे व्यापारी हिशोब होता. नवी प्रणाली घेतल्यावर आवडता खेळ बंद पडला, तर ग्राहक खेळाला नव्हे, नव्या प्रणालीला दोष देणार, हे कंपनीला ठाऊक होते. आजही विंडोजमध्ये जुन्या सॉफ्टवेअरसाठी अशा जुळवणुकींची मोठी यादी असते आणि ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ हा पर्याय अनेकांच्या परिचयाचा आहे. तथापि, जगातील प्रत्येक जुन्या खेळातील प्रत्येक दडलेली चूक अशा रीतीने सांभाळणे कोणत्याही कंपनीला शक्य नाही. जेथे ही यादी संपते, तेथून हौशी दुरुस्तीकर्त्यांचे काम सुरू होते.

मूळ आज्ञावलीविना दुरुस्ती कशी होते?

खेळाची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, कंपनीकडे असते. ग्राहकाच्या हाती येतो तो केवळ यंत्राला समजणाऱ्या आकड्यांत रूपांतरित झालेला अंतिम प्रोग्राम. भिंतीतील वायरिंगचा आराखडा नसताना बिघाड शोधणाऱ्या वीजतंत्रज्ञासारखी दुरुस्तीकर्त्याची अवस्था असते. तो ‘डिबगर’ या साधनाने चालू खेळ ठरावीक ठिकाणी थांबवतो, मेमरीच्या कोणत्या घरात कोणता आकडा आहे हे पाहतो, एकेक पाऊल पुढे जातो आणि आकडा नेमका कोठे बिघडला ते शोधतो. स्किमरच्या बाबतीतही जुन्या व नव्या विंडोजवरील वर्तन असेच ताडून पाहिले गेले आणि माग कुलूप काढणाऱ्या आज्ञेपर्यंत पोहोचला.

दुरुस्ती करताना मूळ प्रोग्रामच्या फायलीला सहसा हात लावला जात नाही. खेळ सुरू होताना काही साहाय्यक फायली आपणहून उचलतो. त्यांच्याच वाटेने पॅचची फाइल मेमरीत आणली जाते. मग ती चालू खेळाच्या मेमरीतील सदोष आज्ञा बदलून त्यांच्या जागी दुरुस्त आज्ञा बसवते. पॅच नको असेल, तर ती फाइल काढून टाकली की खेळ पूर्ववत होतो. सायलेंटपॅचची स्वतःची आज्ञावली खुली असल्याने त्यात नेमके काय केले आहे, हे जाणकार कोणीही तपासू शकतो. खेळाचा कोणताही भाग त्यात वाटला जात नाही. मूळ खेळ ग्राहकाकडे असावाच लागतो.

बिघाडाची इतर कारणे

प्रत्येक जुना खेळ न पुसलेल्या पाटीमुळेच मोडतो असे नाही. काही कारणे वारंवार आढळतात.

पहिले कारण वेगाचे. अनेक जुन्या खेळांचे अंतर्गत गणित पडद्यावर दर सेकंदाला किती चित्रे उमटतात, या संख्येशी जखडलेले असते. सॅन आंद्रेआस दर सेकंदाला ३० चित्रांच्या मर्यादेत खेळला जाईल, असे गृहीत धरून बनवला होता. ही मर्यादा काढून आजच्या वेगवान यंत्रावर तो चालवला, तर पात्राच्या पोहण्यापासून वाहनांच्या वर्तनापर्यंत अनेक गोष्टींचा तोल जातो.

दुसरे कारण पडद्याचे. चौकोनी पडद्यांच्या काळात लिहिलेले खेळ आजच्या रुंद पडद्यांवर चित्र ताणून दाखवतात. काही खेळ ठरावीक जुनेच मोजमाप शोधतात आणि ते न मिळाल्यास त्रुटीचा संदेश देऊन सुरूच होत नाहीत.

तिसरे कारण प्रोग्रामच्या जातीचे. १९९० च्या दशकातील कित्येक खेळ ३२-बिट असले, तरी त्यांची स्थापना करणारा प्रोग्राम १६-बिट असे. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही. परिणामी खेळ चालू शकत असूनही तो संगणकात बसवताच येत नाही.

चौथे कारण सर्वांत विरोधाभासी आहे : चोरीपासून संरक्षण. त्या काळी चकतीची नक्कल होऊ नये म्हणून ‘सेफडिस्क’सारखी यंत्रणा वापरली जाई आणि ती विंडोजच्या गाभ्यात आपला एक घटक बसवत असे. हा घटक सुरक्षेला धोकादायक ठरल्याने २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून तो वगळला आणि आधीच्या आवृत्त्यांतही सुरक्षा अद्ययनाद्वारे निष्क्रिय केला. त्यामुळे ज्यांनी पैसे मोजून अस्सल चकती घेतली, त्यांचेच खेळ बंद पडले.

मूळ कंपन्या काय करतात?

जुन्या खेळाची दुरुस्ती करण्यापेक्षा तो नव्या रूपात पुन्हा विकणे कंपन्यांना अधिक लाभदायक वाटते. रॉकस्टार गेम्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतील तीन जुन्या खेळांची नवी संयुक्त आवृत्ती आणली आणि तत्पूर्वी मूळ आवृत्त्यांची डिजिटल विक्री थांबवली. नवी आवृत्ती दोषांनी भरलेली असल्याची टीका इतकी झाली, की कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि संगणकावरील मूळ आवृत्त्या आपल्या दुकानात पुन्हा उपलब्ध कराव्या लागल्या.

अन्य बहुतांश जुन्या खेळांना एवढेही भाग्य लाभत नाही. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ संशोधकांसाठी दूरस्थपणे उपलब्ध करून देता यावेत, अशी सवलत मागण्यात आली होती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली.

अपवादही आहेत. पोलंडमधील ‘जीओजी’ हे विक्रीसंकेतस्थळ २००८ पासून जुने खेळ आजच्या यंत्रांवर चालतील अशा स्वरूपात विकते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने खेळांच्या जतनासाठी स्वतंत्र उपक्रमही सुरू केला. त्याच्या अनेक डॉसकालीन खेळांमागे ‘डॉसबॉक्स’ हे स्वयंसेवकांनी घडवलेले मोफत सॉफ्टवेअर आहे. अर्थात जतनाचा हा व्यवसायही अखेरीस हौशी श्रमांच्या पायावर उभा आहे.

कायदा काय सांगतो?

विकत घेतलेल्या प्रोग्रामची चिरफाड करून तो दुरुस्त करणे कायदेशीर आहे का? याचे उत्तर देशागणिक बदलते.

युरोपीय न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘टॉप सिस्टिम’ विरुद्ध बेल्जियम सरकार या प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. प्रोग्रामचा वैध खरेदीदार त्याच्या कामकाजातील चुका दुरुस्त करण्यासाठी, आवश्यक तेवढ्या मर्यादेत आणि करारातील अटी पाळून, त्या प्रोग्रामचे उलट विश्लेषण करू शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ या संदर्भात महत्त्वाचे आहे. संगणक प्रोग्राम ज्या कामासाठी दिला गेला, त्या कामासाठी तो वापरता यावा म्हणून वैध धारकाने त्याची प्रत करणे वा त्यात जुळवणूक करणे, तसेच त्यामागील कल्पना व तत्त्वे जाणण्यासाठी त्याच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास वा चाचणी करणे, या कृती हे कलम कॉपीराइटचा भंग मानत नाही. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ संरक्षक तांत्रिक उपायांना बगल देण्यास, कॉपीराइटच्या उल्लंघनाचा हेतू असल्यास, दंडनीय ठरवते. नेमकी रेषा कोठे आखायची, हे प्रत्येक प्रकरणाच्या तथ्यांवर अवलंबून राहते.

हौशी कामाला कायद्याचा फटका बसल्याची उदाहरणेही आहेत. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ आणि ‘व्हाइस सिटी’ या खेळांची संपूर्ण आज्ञावली उलट विश्लेषणाने पुन्हा लिहून खुली करणाऱ्या प्रोग्रामरांविरुद्ध, रॉकस्टारची मूळ कंपनी टेक-टू इंटरॅक्टिव्हने सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा दाखल केला. दुरुस्तीपुरता छोटा पॅच आणि संपूर्ण पुनर्लेखन यांतील फरक म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. पहिल्यात खेळाचा अंशही वाटला जात नाही. दुसऱ्यात खेळाचेच नवे रूप सर्वांच्या हाती येते.

पॅच जेथे थिटे पडतात

ज्या खेळाचा सारा प्रोग्राम ग्राहकाच्या संगणकावर आहे, तो खेळ एखादा चिकाटीचा प्रोग्रामर जगवू शकतो. अलीकडचे अनेक खेळ मात्र कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय सुरूच होत नाहीत. ‘द क्रू’ या मोटार शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर युबिसॉफ्ट कंपनीने मार्च २०२४ अखेर बंद केले आणि तो विकत घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेच्या युरोपीय नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. खेळाचा आधार थांबवताना तो चालू राहील अशी काही व्यवस्था कंपनीने ठेवावी, ही तिची मुख्य मागणी आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने डिजिटल विक्रेत्यांवर एक बंधन घातले आहे : ग्राहकाला मालकी नव्हे, तर केवळ परवाना मिळत असेल, तर ते विक्रीच्या वेळीच स्पष्ट सांगावे लागते.

वापरकर्त्यांनी काय काळजी घ्यावी?

विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. त्यामुळे जुन्या संगणकांवरून विंडोज ११ कडे वळणाऱ्यांना, भारतातील वापरकर्त्यांसह, असे बिघाड अनपेक्षितपणे समोर येऊ शकतात. ज्या पिढीने सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन आंद्रेआस’ खेळले, ती आज तेच खेळ घरच्या संगणकावर पुन्हा उघडू पाहते आहे.

अशा वेळी काही पथ्ये पाळणे हिताचे. पॅच नेहमी त्याच्या कर्त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा. त्याच नावाने अन्यत्र फिरणाऱ्या फायलींत घातक सॉफ्टवेअर दडलेले असू शकते. चालू खेळाच्या मेमरीत बदल करणे हे पॅचचे कामच असल्याने विषाणूरोधक प्रोग्राम कधी कधी त्याच्याविषयी विनाकारण इशारा देतात. पण म्हणून प्रत्येक इशारा खोटा मानू नये. स्रोत खात्रीचा नसेल, तर संरक्षण बंद करून फाइल चालवण्याचा मोह टाळावा. पॅच बसवण्यापूर्वी खेळाच्या फायलींची व जतन केलेल्या प्रगतीची प्रत वेगळी काढून ठेवावी. पॅच खेळाच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे, हेही आधी वाचावे, कारण चकतीवरील आणि डिजिटल दुकानातील आवृत्त्यांत फरक असतो.

खेळापलीकडचा धडा

स्किमरच्या बाबतीत नुकसान झाले ते एका काल्पनिक विमानाचे. परंतु वाचलेल्या माहितीची पडताळणी न करणे आणि रिकाम्या रकान्यात आधीचाच आकडा गृहीत धरणे, ही चूक केवळ खेळांची नाही. दुकानांतील हिशोबाचे प्रोग्राम, प्रयोगशाळांतील मोजमापाची यंत्रे, कारखान्यांतील नियंत्रणप्रणाली, अशा अनेक ठिकाणी एकदा लिहिलेली आज्ञावली वर्षानुवर्षे चालत असते आणि ‘आजवर बिघडले नाही’ एवढाच तिच्या अचूकतेचा पुरावा मानला जातो. जी गोष्ट योगायोगाने चालते आणि जी नियमाने चालते, त्यांतील फरक बाहेरून दिसत नाही. तो दिसतो खालची जमीन बदलल्यावर.

खेळात विमान गायब झाले की निदान कोणाच्या तरी लक्षात येते. वीस वर्षांनंतरही तो खेळ खेळणारे लोक होते, म्हणून तक्रार झाली. आणि तक्रारीच्या मुळाशी जाण्याइतकी चिकाटी एका माणसाकडे होती, म्हणून उत्तर मिळाले. या कामासाठी त्याला कोणी नेमले नव्हते, आणि त्याने ते थांबवले तर त्याच्या जागी कोणी येईलच, अशीही व्यवस्था नाही. डिजिटल वारशाचा मोठा भाग आज अशाच विनावेतन, विनाकरार श्रमांवर तगून आहे. ग्रंथालये पुस्तके जपतात आणि चित्रपट संग्रहालये जुन्या फिती जपतात, त्यामागे संस्था, निधी आणि कायद्याचे पाठबळ असते. संगणकीय खेळांच्या वाट्याला ते केव्हा येणार, हा प्रश्न तूर्तास अनुत्तरित आहे. तोवर एका ओळीतील चार राहिलेले आकडे भरण्याचे काम हौशी हातांनाच करावे लागणार आहे.